फरक वयाचा की पिढीचा?

समजा, पुलगावातली पंचविशीतली शंभर आणि सत्तरीतली शंभर माणसं निवडली. प्रत्येकाला दहा शब्द ऐकवले आणि थोड्या वेळाने आठवायला सांगितले. सत्तरीतल्यांना कमी आठवले, तर वयाबरोबर स्मरणशक्ती घटते असं म्हणता येईल का? एवढ्यावरून नाही. आज सत्तरीत असलेल्या कित्येकांची शाळा लवकर सुटली. कुणी शेतात, कुणी कापडगिरणीत कामाला लागलं. पंचविशीतल्यांना शाळा जास्त वर्षं मिळाली आणि शब्द लक्षात ठेवण्याचा सरावही. त्यामुळे या फरकात वय किती आणि पिढी किती, हे एका चाचणीत कळत नाही.

यावर एक उपाय: त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासायचं. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये वॉर्नर शाय यांनी १९५६ साली असा अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी तीच माणसं तपासली. निरनिराळ्या वयांची माणसं एकदाच तपासली, की बुद्धीची घसरण प्रत्यक्षाहून लवकर सुरू झाल्यासारखी दिसते, हे त्यातून स्पष्ट झालं.

पण इथेही दोन अडचणी आहेत. आजारी आणि स्थलांतरित माणसं गळतात, मागे धडधाकट उरतात. शिवाय तीच चाचणी पुन्हा दिल्याने हात बसतो. म्हणून शाय दर फेरीत नवी माणसंही घेत आणि त्यांच्याशी जुन्यांची तुलना करत.

महाराष्ट्रात असा पाठपुरावा जन्माच्याही आधी सुरू झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या विवाहित स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या. दर महिन्याला पाळीची तारीख विचारली जाई, म्हणून गर्भधारणा लवकर कळे. पुढे या स्त्रियांच्या नऊ वर्षांच्या मुलांना आकडे उलट क्रमाने म्हणायला लावले. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होतं, त्यांची मुलं यात आणि एकाग्रतेच्या चाचणीत मागे पडली. बुद्ध्यांकासारख्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही.

हा संबंध झाला, कारण सिद्ध झालं नाही. म्हणून २०१२ साली ‘प्रिया’ चाचणी सुरू झाली. किशोरवयात आलेल्या याच मुलामुलींपैकी काहींना ब-१२, तर काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी कॅप्सूल दिली. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. परिणाम तपासायचा होता तो त्यांच्या होणाऱ्या बाळांवर.

आयुष्याचं दुसरं टोक मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. तिच्या देशव्यापी पाहणीच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक भारतीय होते. त्यातही दहा शब्दांची चाचणी होती. पण वयाचा परिणाम उलगडायला त्याच माणसांच्या पुढच्या फेऱ्या लागतात.

‘साठीनंतर विसराळूपणा वाढतो’ अशी बातमी वाचली, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: तीच माणसं पुन्हा तपासली होती, की वेगवेगळ्या वयांची एकदाच?