घरावरच्या डोंगराचे पाणी

डोंगरउतारावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकरी बंधु-भगिनींनो, भातलावणीच्या दिवसांत पाऊस कितीही पडला तरी आपल्याला तो हवाच असतो. पण दरडी कोसळतात त्या याच दिवसांत. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी, महाड तालुक्यातील तळिये २२ जुलै २०२१ रोजी आणि खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली. एकट्या माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली.

असे का होते? सह्याद्रीत खाली काळा खडक आणि त्यावर मुरूम-माती. संततधारेने ही माती भिजून जड होते. मुरलेले पाणी खडकावर अडते, मातीची पकड सुटते आणि सारा थर खाली येतो. पाणी जिरवा, असे आम्ही तुम्हांला सदैव सांगतो. मात्र घराच्या वरच्या उभ्या उतारावर ते जिरवू नका. तिथे पाणी साठवणारे चर खोदू नका. किंचित उतार देऊन चर काढा आणि पाणी बाजूच्या ओढ्यात सोडा. घरासाठी किंवा खाचर वाढविण्यासाठी डोंगराचा पायथा उभा तोडू नका. हल्ली यंत्र आणले की हे काम दिवसभरात उरकते, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

मे महिन्यात एकदा वर चढून पाहा. जमिनीला भेगा दिसल्या तर चिकणमातीने ठासून बुजवा आणि तलाठ्यांना लेखी कळवा. नुसते तोंडी सांगून भागत नाही.

पावसाळ्यात उभ्या काठाचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी फूटपट्टीने पाणी मोजा. चोवीस तासांत वीस सेंटिमीटर म्हणजे अतिवृष्टीचा कळस. पण आठवडाभर झड लागली असेल, तर त्याच्या निम्म्यानेही सावध व्हा. झाडे वा खांब कलले, दार चौकटीत अडकू लागले, नवा पाझर फुटला, झरा एकाएकी गढूळ झाला किंवा वाहता ओढा भर पावसात आटला, तर सकाळची वाट पाहू नका. ओढ्याची वाट टाळून, उजेड आहे तोवर उतारापासून दूरच्या पक्क्या इमारतीत जा. म्हाताऱ्यांना व पोरांना आधी हलवा. गुरे नेणे जमत नसेल तर निदान दावी सोडा.