पिकल्या स्ट्रॉबेरीचा ताजा सॉस

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत बेळगाव, हैदराबाद किंवा इंदूर यांसारख्या शहरांच्या फळबाजारांत स्ट्रॉबेरीच्या पेट्या दिसू लागतात. पेटी घरी येते. वरच्या थरातील टवटवीत फळे मुले त्याच संध्याकाळी फस्त करतात. आणि दुसऱ्या दिवशी खालच्या थरातील फळे मऊ, चेपलेली व पाणी सुटलेली आढळतात. ती टाकून देण्यावाचून गत्यंतर नाही, अशी समजूत असल्यामुळे पैसे मोजून आणलेले फळ केराच्या टोपलीत जाते. वस्तुतः अशाच फळांचा उत्तम सॉस होतो. त्याला ना विशेष उपकरणे लागतात, ना फारसा वेळ. न्याहारीच्या पावापासून रात्रीच्या कस्टर्डपर्यंत तो सर्वत्र उपयोगी पडतो.

हे फळ इतके अल्पायुषी का, हे प्रथम समजून घेणे इष्ट आहे. आंबा, केळे किंवा चिकू ही फळे कच्ची उतरवून अढीत पिकवता येतात. स्ट्रॉबेरीचे तसे नाही. देठापासून तोडल्यावर ती अधिक गोड होत नाही. साहजिकच शेतकऱ्याला ती पिकल्यावरच तोडावी लागते, आणि पिकलेले फळ म्हणजे सुमारे नव्वद टक्के पाणी व त्यावर अगदी पातळ साल. महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर, थंड हवा व निचऱ्याची तांबडी माती या पिकाला मानवली, आणि २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तेथून शेकडो मैलांचा प्रवास करून आलेल्या फळाला घरी पोहोचल्यावर जेमतेम एक-दोन दिवसांचे आयुष्य उरते. त्या दोन दिवसांत त्याचे काय करावे, हाच खरा प्रश्न आहे.

मुरंबा किंवा जॅम करावा, असे उत्तर सहज सुचते. परंतु जॅम व सॉस यांचे हेतू निराळे आहेत. जॅम हा साठवणीचा पदार्थ. त्यात फळाच्या बरोबरीने साखर घालून तो दीर्घकाळ आटवतात, म्हणजे साखर फळातील पाणी बांधून ठेवते व सूक्ष्म जंतूंना वाढण्यास वाव राहत नाही. बाजारात विकावयाच्या जॅमसंबंधी २०११ साली देशात जे अन्नसुरक्षा नियम जारी झाले, त्यांत विद्राव्य घनपदार्थांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण किमान ६५ टक्के ठरविण्यात आले. फळाचे किमान प्रमाण सर्वसाधारणपणे ४५ टक्के असताना स्ट्रॉबेरी व रासबेरी यांच्यापुरते ते २५ टक्के ठेवण्यात आले. म्हणजे बाटलीवर स्ट्रॉबेरीचे सुंदर चित्र असले, तरी आत फळ चतुर्थांशच असू शकते. घरच्या सॉसमध्ये हे प्रमाण नेमके उलटे असते. तेथे फळ चार-पाच भाग आणि साखर एक भाग. तो महिनोन्‌महिने टिकत नाही, तथापि त्यात फळाची मूळ चव व सुवास कितीतरी अधिक राहतो.

अतिपक्व फळ जॅमला चालत नाही व सॉसला चालते, यालाही कारण आहे. फळांत पेक्टिन नावाचे एक द्रव्य असते. आम्ल व भरपूर साखर यांच्या संगतीत त्याची जाळी तयार होते आणि जॅम थिजतो. अर्धवट पिकलेल्या फळात पेक्टिन अधिक असते. फळ जसजसे मऊ होते, तसतसे त्याचे विघटन होते. म्हणून अतिशय पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा जॅम पातळ राहतो. सॉस मात्र पातळच हवा असतो. जो दोष एका पदार्थात नडतो, तो दुसऱ्यात गुण ठरतो.

मऊ फळ व कुजलेले फळ यांतील भेद मात्र कटाक्षाने पाळावा. चेपलेले, रस सुटलेले, गडद झालेले फळ चालेल. ज्यावर राखी किंवा पांढरी बुरशी दिसते, ज्याला आंबूस, मद्यासारखा वास येतो, ते फळ व त्याला चिकटून असलेली फळे टाकून द्यावीत. बुरशी आलेला भाग कापून उरलेले वापरण्याचा मोह धरू नये. मऊ फळात बुरशीचे तंतू डोळ्यांना न दिसता आतवर गेलेले असतात.

आता कृती. अर्धा किलो स्ट्रॉबेरी, १०० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एवढेच साहित्य लागते. फळे प्रथम हिरव्या देठांसकट वाहत्या पाण्याखाली अलगद धुवावीत. देठ आधी काढले, तर त्या छिद्रातून पाणी आत शिरते व चव पाणचट होते. धुतलेली फळे स्वच्छ पंच्यावर निथळू द्यावीत, मग देठ काढून प्रत्येकीचे दोन किंवा चार तुकडे करावेत. त्यांतील अधिक घट्ट असे मूठभर तुकडे बाजूला ठेवावेत. त्यांचा उपयोग शेवटी आहे.

उरलेल्या तुकड्यांवर साखर व मीठ भुरभुरून वीस मिनिटे झाकून ठेवावे. कैरीच्या फोडींना मीठ लावले म्हणजे जसे पाणी सुटते, तसेच येथे साखर फळातील रस बाहेर ओढते. वीस मिनिटांत तळाशी लाल रसाचे तळे साचते. त्यामुळे वेगळे पाणी घालावे लागत नाही. पुष्कळ जण येथेच पेलाभर पाणी ओततात आणि मग ते आटविण्यासाठी फळ अर्धा तास शिजवत बसतात. त्यात सुवास उडून जातो, रंग विटकरी होतो आणि हाती पाक तेवढा उरतो.

रस सुटलेली फळे मध्यम आचेवर ठेवावीत. उकळी फुटली म्हणजे सहा ते आठ मिनिटे अधूनमधून ढवळत शिजू द्यावीत. वर येणारा फेस चमच्याने काढावा. फळे मऊ झाली, की डावाच्या पाठीने निम्मी चेचावीत. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ क्षणभर तशीच राहिली, तर सॉस झाला असे समजावे. या वेळी तो पातळ भासतो; परंतु निवल्यावर दाट होतो, हे ध्यानात ठेवून भांडे वेळीच उतरवावे. उतरल्यावर लिंबाचा रस व बाजूला ठेवलेले तुकडे त्यात घालावेत. हे तुकडे उष्णतेने किंचित नरम होतात, पण त्यांचा ताजेपणा कायम राहतो. एवढ्या साहित्यात घरातील चार-पाच माणसांची दोन-तीन वेळची सोय होते.

भांड्याची निवड महत्त्वाची आहे. स्टेनलेस स्टीलचे किंवा टवका न उडालेले एनॅमलचे पातेले घ्यावे. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे जुन्या गृहिणींना सांगावे लागत नाही. लोखंड व ॲल्युमिनियम यांवरही आम्लाचा परिणाम होऊन पदार्थाला धातूची चव येते व रंग मळकट होतो. फळाचा लाल रंग अँथोसायनिन जातीच्या रंगद्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये आम्लात लाल राहतात आणि क्षाराच्या सान्निध्यात निळसर होतात. जांभळाच्या डागावर साबण लावला असता तो निळसर दिसतो, त्याचेही कारण हेच. म्हणून लिंबाचा रस केवळ चवीपुरता नसून रंग खुलविण्यासाठीही असतो, आणि आंबटपणा मारण्यासाठी सॉसमध्ये खाण्याचा सोडा घालणे ही घोडचूक होय.

केकवर ओतण्यासाठी अधिक दाट सॉस हवा असेल, तर एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे थंड पाण्यात कालवून उकळत्या सॉसमध्ये घालावे व एक-दोन मिनिटे शिजवावे. साखर मात्र प्रत्येकाने चवीप्रमाणे कमी-अधिक करावी. येथे ती टिकविण्याचे काम करीत नाही. म्हणून निम्मी केली, तरी पदार्थ बिघडत नाही, फक्त थोडा पातळ व आंबट होतो.

स्वयंपाकघरात ‘बेरी’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ द्राक्ष व टोमॅटो यांना बेरी म्हणतात, स्ट्रॉबेरीला नव्हे; तिच्या अंगावरील बारीक दाणे हीच तिची खरी फळे, आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. म्हणून ज्या गावी स्ट्रॉबेरी दुर्मिळ किंवा महाग असेल, तेथे नावावर अडून बसण्याचे कारण नाही. गोवा व बेळगावच्या घाटांत एप्रिल-मे महिन्यांत पानांच्या द्रोणांतून विकली जाणारी काळी करवंदे या कामी उत्तम आहेत. ती थोड्या पाण्यात मऊ शिजवून चाळणीतून गाळावीत, म्हणजे बिया निघून जातात. करवंदात आम्ल व पेक्टिन दोन्ही मुबलक असल्यामुळे लिंबू लागत नाही. साखर मात्र अधिक लागते आणि सॉस लवकर दाट होतो. तुती गोड असते, म्हणून तिच्यासाठी लिंबाचा रस दुप्पट घ्यावा व हिरवे देठ कात्रीने कापावेत. इंदूर-ग्वाल्हेरकडे उन्हाळ्यात मिळणारा फालसा करवंदाप्रमाणेच गाळून घ्यावा. तिकडची पिवळी रसभरी, जिची रासबेरीशी केवळ नावापुरती सोयरीक आहे, वरचे कागदी आवरण काढून अर्धी चिरून शिजवावी.

सकाळी हा सॉस लोणी लावलेल्या पावावर, घावनावर किंवा आंबोळीवर घ्यावा. गोड दह्यात किंवा दलियात कालवावा. जेवणानंतर तो कस्टर्ड, आईस्क्रीम, साध्या केकचा काप किंवा घरचे श्रीखंड यांवर शोभतो. दुधाच्या पदार्थांत घालताना दोन्ही वस्तू थंड असाव्यात. गरम दुधात आम्ल पडताच ते फाटते.

साठवणीविषयी भ्रम नसावा. पूर्ण निवलेला सॉस स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून शीतकपाटात ठेवावा व आठवड्याच्या आत संपवावा. दर वेळी कोरडाच चमचा वापरावा. जास्त झाला, तर बर्फाच्या साच्यांत गोठवावा. त्याच्या वड्या दोन-तीन महिने चांगल्या राहतात व लागतील तेवढ्याच काढता येतात. बाहेर ठेवलेल्या बरणीत बुडबुडे दिसले किंवा बुरशी आली, तर सर्वच टाकून द्यावा.

लोणची, पापड व मुरंबे यांच्या परंपरेत वाढलेल्या घरांना वर्षभर टिकेल तेच खरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या परंपरेचे मोल मोठे आहे. परंतु काही फळे आजची आजच गोड लागतात. उन्हापावसात राबून कोणीतरी पिकवलेली, पाठ वाकवून एकेक करून खुडलेली ती पेटी घरी आली, की तिच्या तळाशी राहिलेल्या मऊ फळांसाठी एक पातेले, थोडी साखर आणि दहा मिनिटांची आच एवढे सहज देता येते. तेवढे दिले, तर त्या पेटीतील एकही चांगले फळ वाया जात नाही.