गटात नवीन आलात? आधी ओळख सांगा

दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी आमच्या वाडीतल्या बारा बायका मारुतीच्या देवळामागच्या ओट्यावर जमतात. मध्ये एक पत्र्याची पेटी असते. पेटीत वह्या, शाईचे पॅड आणि पैसे. हा त्यांचा बचत गट. दर सभेला प्रत्येक बाई शंभर रुपये देते. जिला अडचण असेल तिला त्याच पैशांतून कर्ज मिळते. तिने दिलेले व्याज पुन्हा गटाच्याच पेटीत पडते.

मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून या गटाच्या वह्या तपासून देतो. शाळेत मुलांची संचयिका चालवली होती. मुले खाऊचा रुपया, दोन रुपये आणून ठेवीत. तेव्हापासून हिशेबाच्या वहीचा नाद लागला, तो काही सुटला नाही.

गेल्या सभेला गटात यायचे म्हणून दोन नव्या बायका आल्या. अध्यक्षबाई त्यांतल्या एकीला म्हणाल्या, "तुझी ओळख सांग."

"अहो आक्का, तुम्ही मला ओळखत नाही होय? मी मळ्यातल्या म्हातारीची थोरली सून."

"ते ठाऊक आहे गं. तुझं नाव सांग, काम सांग, देणं सांग."

ती गोंधळली. साहजिकच आहे. एका विहिरीचे पाणी पिणाऱ्या बायका. एकमेकींच्या लग्नात जेवलेल्या. त्यांनी एकमेकींना ओळख कसली सांगायची? तुम्हालाही तसेच वाटेल. पण वाचकहो, तोंडओळख निराळी आणि पैशाची ओळख निराळी. शेजारणीच्या घरी आज भाजी कोणती आहे ते आपल्याला वासावरून कळते. तिच्या डोक्यावर कर्ज किती आहे, ते मात्र कळत नाही.

आता बघा. तुम्ही बँकेत कर्ज मागायला गेलात, तर बँक सातबारा मागते, सोने मागते, नाहीतर जामीन मागते. कर्ज बुडाले तर वसूल करायला काहीतरी हवे म्हणून. त्याला तारण म्हणतात. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही आणि अंगावर सोने नाही, ती तारण कुठून आणणार? बचत गटात तारण घेत नाहीत. तिथे एकीला दुसरीची खरी माहिती असते, आणि त्या माहितीवर विश्वास टाकून पैसे देतात. म्हणूनच गट लहान ठेवतात. दहापेक्षा कमी नको, विसापेक्षा जास्त नको. पन्नास जणींची खरी माहिती कुणाला ठेवता येईल?

अशा गटांना बँकांनीही कर्ज द्यावे, अशी योजना नाबार्डने १९९२ साली सुरू केली. नाबार्ड म्हणजे शेतीसाठी आणि खेड्यांसाठी असलेली राष्ट्रीय बँक. आरंभी सगळ्या देशात मिळून पाचशे गट जोडायचे ठरले होते. आज असे गट लाखांनी मोजतात. गट सहा महिने नीट चालला, वह्या चोख असल्या, की बँक कर्जाचा विचार करते. ते कर्ज सगळ्या गटाच्या नावावर मिळते. एकीने हप्ता चुकवला तर बारा जणींना उत्तर द्यावे लागते. अशा ठिकाणी नवीन बाई आली, तर तिला चार गोष्टी विचारायला नकोत का?

पहिली गोष्ट नावाची. ही सोपी वाटते, पण घोटाळा इथूनच सुरू होतो. आपल्याकडे कितीतरी बायकांना दोन नावे असतात, एक माहेरचे आणि एक सासरचे. आधार कार्डावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे, आणि गावात तर 'अमक्याची आई'. गटाच्या वहीत एक नाव आणि बँकेच्या कागदावर दुसरे असले, की बँकेतला साहेब कागद परत करतो. म्हणून नवीन बाईने येताना आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. दोन्हीकडे जसे नाव आहे, तसेच अक्षरन् अक्षर वहीत लिहून घ्यावे. नावे जुळत नसतील तर ते त्याच दिवशी सांगावे. पुढे दुरुस्त करता येते. दडवून ठेवले तर नेमक्या गरजेच्या वेळी अडते.

नावापुढे सही. अंगठा चालत नाही असे नाही. पण सातारा जिल्ह्यात म्हसवड नावाचे गाव आहे. माण तालुक्यातले, दुष्काळी मुलखातले. तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले आणि रिझर्व्ह बँकेकडे परवानगी मागितली. पुष्कळ जणींनी कागदावर अंगठे उठवले होते. रिझर्व्ह बँकेने पहिल्याने नकार दिला. लिहिता-वाचता येत नाही त्या बायका बँक कशी चालवणार, असा सवाल होता. बायका घरी बसल्या नाहीत. त्या अक्षरे गिरवायला लागल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला बँकेला परवाना मिळाला. श्रीमती चेतना सिन्हा यांनी ही बँक उभी केली. बायकांना हिशेब येतच होता, फक्त तो कागदावर वाचता येत नव्हता. हे पुस्तक तुम्ही वाचता आहात, म्हणजे तेवढे अंतर तुम्ही ओलांडलेच आहे.

दुसरी गोष्ट, काम कोणते आणि पैसा हातात कधी येतो. किती येतो याच्याइतकेच कधी येतो हे महत्त्वाचे. दूध घालणाऱ्या बाईला पंधरवड्याला पैसे मिळतात. कांदा लावणारीला कांदा विकल्यावर मिळतात. मजुरी करणारीला रोज मिळतात, पण पावसाने काम थांबले की काहीच नाही. आमच्या गटात एक बाई ऊसतोडीला जाते. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको कोयता घेऊन निघतात, ते पाडव्याच्या आसपास परत येतात. तिने पहिल्याच दिवशी हे सांगितले, फार बरे केले. तेवढे महिने तिचे शंभर रुपये तिची सासू आणून देते, असा ठराव वहीत आहे. त्यामुळे तिला गैरहजेरीचा दंड पडत नाही. कुणीतरी सुचवले होते की मुकादमाकडून उचल मिळते, त्यातूनच पाच महिन्यांचे पैसे आधी भर. मी म्हणालो, "नको. उचल म्हणजे कर्जच. कर्ज काढून बचत कसली करता?"

तिसरी गोष्ट देण्याची. इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे.

गट सुरू झाला त्या पहिल्या सभेत ओळखी चालल्या होत्या. एकीने विचारले, "गुरुजी, कुणाचं देणं आहे का तेही विचारायचं का?" मी म्हणालो, "नको हो. देण्याघेण्याचं चारचौघींत कशाला? घराघराची लाज असते." बायकांनी माझे ऐकले. मास्तर म्हटले की लोक ऐकतात. मला वाटले, मी शहाणपण सांगतो आहे.

दहा महिन्यांनी बारा जणींचे मिळून बारा हजार रुपये जमले. एका तरुण सुनेने सहा हजार मागितले. शेतातली मोटर जळाली होती. गटाने दिले. व्याज शेकडा दोन रुपये महिना. म्हणजे पहिल्या महिन्याचे व्याज १२० रुपये. दरमहा हजार रुपये मुद्दल फेडायचे. मुद्दल कमी होईल तसे व्याजही कमी होते. १२०, मग १००, मग ८०, असे उतरत सहा महिन्यांत सगळे मिळून ४२० रुपये व्याज झाले असते. हेच पैसे सावकाराकडून शेकडा पाचने घेतले असते तर १,०५० झाले असते.

तिने पहिला हप्ता भरला. दुसऱ्या महिन्यात ती सभेला आलीच नाही. तिसऱ्या महिन्यातही नाही. विहिरीवर कुणी दिसले की मान खाली घालून निघून जायची. त्याच सुमारास दुसऱ्या एका सभासदाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला चार हजार हवे होते. पेटीत एवढे पैसे नव्हते. बाकीची रक्कमही दोघींकडे कर्जाऊ गेलेली होती. त्या माऊलीने कानातले गहाण ठेवून फी भरली. पैसे जमवायचे ते अशाच दिवसासाठी, आणि त्याच दिवशी पेटी रिकामी.

मग अध्यक्षबाई त्या सुनेच्या घरी गेल्या. भांडायला नव्हे, विचारायला. तेव्हा कळले. गटात येण्यापूर्वीच तिने एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतले होते. त्याचा दर आठवड्याला सातशे रुपये हप्ता. म्हणजे महिन्याला अठ्ठावीसशेच्या वर. ते लोक दारात येऊन बसत, म्हणून आधी त्यांचे देणे भागवायची. गटाचे राहायचे. "मला आधी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," असे ती रडत म्हणाली. आक्कांनी मला हे सांगितले, तेव्हा मी खाली बघितले. विचारू नका असे सांगणारा मीच होतो.

आधी कळले असते तर गटाने तिला कर्ज नाकारले असते असे नाही. थोडे दिले असते, किंवा हप्ता लहान बांधला असता. तेच पुढे केले. तिने दोन महिन्यांचे राहिलेले व्याज दोनशे रुपये भरले. उरलेल्या पाच हजारांना दरमहा पाचशेचा हप्ता ठरवला. फिटायला दहा महिने लागले. ५५० रुपये व्याज झाले. पण सगळे फिटले. ती आजही गटात आहे.

तेव्हापासून नवीन बाईला देणे विचारतात. मात्र गटात सांगितलेले ओट्याच्या खाली न्यायचे नाही, हाही ठराव केला. एकदा एकीने नेले. तिला पन्नास रुपये दंड केला, तो तिने कुरकुरत का होईना भरला. आणि नको ते प्रश्न विचारायचे नाहीत. जात, घरातली भांडणे, मूल का नाही, याचा हिशेबाशी काय संबंध?

बरे, ओळख एकाच बाजूने होऊन चालत नाही. गटानेही नवीन बाईला आपली ओळख सांगितली पाहिजे. पेटीत किती आहेत, बाहेर कर्जाऊ किती, थकलेले किती, बँकेचे देणे किती. तिने हे निःसंकोच विचारावे. गट सोडायचा झाला तर माझे पैसे कसे परत मिळतील, हेही विचारावे. ज्या गटात असे विचारले की बायका रागावतात, तिथे पैसे ठेवण्याआधी जरा थांबावे.

त्या मळ्यातल्या सुनेने हे सगळे विचारले. आमचा गट सव्वीस महिन्यांचा झाला आहे. जुन्या सभासदांचे प्रत्येकी २,६०० रुपये जमले आहेत, शिवाय व्याजातला वाटा. नवीन बाईचे आज शंभरच. मग दोघी सारख्या कशा? गटाने सांगितले, आजपर्यंतचा व्याजातला वाटा जुन्यांचा, यापुढचा सगळ्यांचा आपापल्या बचतीप्रमाणे. बँकेचे जे जुने कर्ज चालू आहे, ते जुन्या सभासदांनी फेडायचे. हे वहीत लिहिले आणि तिला वाचायला दिले. तिने बोट ठेवून, सावकाश, पण स्वतः वाचले. मग नाव सांगितले, आधार कार्डावर आहे ते. म्हशी दोन, दुधाचे पैसे पंधरवड्याला, देणे सोसायटीचे आठ हजार. खाली सही केली.

दुसरी बाई गप्प बसून ऐकत होती. तिला विचारले तेव्हा म्हणाली, "माझं जरा घरी बोलायचंय. पुढच्या पाच तारखेला सांगते."

"चालेल," आक्का म्हणाल्या, आणि पेटीला कुलूप लावले.