मुरलेले पाणी कोणाचे?

सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण घाट उतरून पूर्वेस पंचवीस-तीस कोस गेले की पुरंदरचा पूर्वभाग, पारनेर, माण या मुलुखात तो सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. ज्या कामगारांत आमची हयात गेली, त्यांतील पुष्कळांची गावे याच पट्ट्यात आहेत. माती उजाड झाली म्हणून ते शहरात आले. तेव्हा हा प्रश्न केवळ शेतीशास्त्राचा नाही.

जमीन उजाड होते कशी? झाडोरा तुटतो, गवत मुळापर्यंत चरले जाते. मग पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळतो, तिची रंध्रे बुजतात, आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन धावत सुटते. आता हवामान तापत चालले आहे. थोड्या दिवसांत धो धो पाऊस आणि मध्ये लांबलचक उघडीप, असे वारंवार घडते. उघड्या डोंगराचे यात दुहेरी नुकसान आहे. पडलेले पाणी राहत नाही आणि उघडिपीत पिकाला ओल मिळत नाही.

यावरचा उपाय माथ्यापासून सुरू करावा लागतो. आधी उतारावर समपातळी चर, त्यांच्या बांधावर गवत व झाडे. मग ओघळींत दगडी बांध, शेतांची बांधबंदिस्ती, आणि शेवटी पायथ्याला पाझर तलाव. हा क्रम उलटा केला तर तलाव गाळाने भरतो. शिवाय काही वर्षे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी लागते. गवताच्या मुळ्यांनी माती धरली म्हणजे पाणी मुरते आणि विहिरींना पाझर फुटतात.

हे सारे हातांचे काम आहे. १९७२च्या दुष्काळात लाखो स्त्रीपुरुष खडी फोडायला व माती उपसायला गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला त्यानंतर बळ आले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणे हा हक्क ठरला, ही लहान गोष्ट नव्हे.

पण एक प्रश्न उरतोच. चर खणणाऱ्याला हजेरीपत्रकावरची मजुरी मिळते. मुरलेले पाणी मात्र विहिरीत निघते, आणि विहीर ज्याची जमीन त्याची! भूमिहीनाच्या वाट्याला येते ती चराईबंदी. त्याची शेळी तेवढी उपाशी राहते.

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी याचे उत्तर शोधले. देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन घेऊन त्यांनी तिच्यात पाणी मुरवून दाखवले आणि पुढे पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटायचे. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी उचलायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.

नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातील, हिवरे बाजारनेही पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने नियम केले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची. जेथे असे नियम नाहीत तेथे पाणी चढले की बोअर खोल जातात, ऊस येतो, आणि चार-सहा वर्षांत विहिरी पुन्हा कोरड्या पडतात. डोंगरावरचे कष्ट मग वायाच गेले म्हणायचे.

कामगार चळवळीत आम्ही एक धडा शिकलो : मोबदल्याचा करार आधी, काम नंतर. डोंगरावर पहिली कुदळ पडण्यापूर्वीच ग्रामसभेत भूमिहीनांच्या समक्ष ठरले पाहिजे की पाण्यात कोणाचा किती वाटा आणि राखलेल्या कुरणातले गवत कापण्याचा पहिला हक्क कोणाचा. ज्याला वाटा मिळतो तो बांध राखतो. ज्याला मिळत नाही, तो पुढच्या अवर्षणात पोराबाळांसह ऊसतोडीला जातो, नाही तर आपल्या शहराच्या वाटेला लागतो.