पाणबुड्याची नाळ



बागेला पाणी देताना रबरी नळीला मुरड पडली की पाणी थांबते. आपण मुरड काढतो आणि पाणी पुन्हा वाहू लागते. फार तर एखादा वाफा कोरडा राहतो. पण त्या नळीतून पाण्याऐवजी माणसाचा श्वास जात असेल तर?

समुद्राच्या तळाशी तेलाच्या वाहिन्या जोडणारे पाणबुडे अशाच नळीवर जगतात. १९७४ साली आपल्या मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले, त्या मुंबई हायमध्येही अशी कामे पाणबुड्यांनीच केली आहेत.

तुम्ही म्हणाल, लांब नळी तोंडात धरली की झाले! तसे होत नाही. दर १० मीटरला, म्हणजे सुमारे सहा पुरुष खोलीला, अंगावरचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. वरची साधी हवा ओढू म्हटले तर पाण्याच्या भाराखाली छाती फुगतच नाही. म्हणून श्वासाचा वायू पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने खाली पाठवावा लागतो. फार खोलवर साधी हवा माणसाला दारूसारखी चढते, म्हणून तिथे हेलियम आणि प्राणवायू यांचे मिश्रण देतात. पण हेलियम अंगातली ऊब पळवतो. मग पोशाखात सतत गरम पाणी सोडावे लागते.

वायूची नळी, गरम पाण्याची नळी, दिव्याची आणि बोलण्याची तार अशी सगळी जुडी एकत्र बांधलेली असते. तिला पाणबुडे नाळच म्हणतात. जहाजावरून खाली सोडलेल्या लोखंडी खोलीतून ही नाळ पाणबुड्यापर्यंत जाते.

ती बनवणाऱ्यांची परीक्षाच असते. जाड केली तर पाण्याचा प्रवाह तिला ओढतो. बारीक केली तर वायू पुरत नाही. मऊ केली तर मुरड पडते. ताठ केली तर वळत नाही. लांब सोडली तर जहाजाच्या पंख्यात जाईल, म्हणून पंख्यापासून किमान ५ मीटर आखूडच ठेवतात. शिरस्त्राणापाशी आपल्या पंपाच्या फूट व्हॉल्व्हसारखी एकतर्फी झडप असते. ती नसेल आणि नळी वर कुठे तुटली, तर तोंडापुढचा वायू उलटा खेचला जाईल.

इतके करूनही नाळ तुटते. १८ सप्टेंबर २०१२ रोजी स्कॉटलंडच्या पूर्वेला उत्तर समुद्रात ख्रिस लेमन्स हा पाणबुड्या सुमारे ९० मीटर खोल काम करीत होता. वादळी हवेत जहाज जागेवर धरून ठेवणारी संगणकाची यंत्रणा बिघडली आणि जहाज वाहवत गेले. त्याची नाळ तळावरच्या लोखंडी सांगाड्यात अडकली, ताणली गेली आणि तुटली. वायू, ऊब, उजेड, आवाज सारे एका क्षणात गेले.

पाठीवर राखीव बाटली होती. पण ९० मीटरवर दाब दहापट, म्हणजे वायूही दहापट लागतो. वर ५० मिनिटे पुरणारी बाटली तिथे ५ मिनिटांत संपते. लेमन्स अंधारात चाचपडत सांगाड्यावर चढला आणि तिथेच बेशुद्ध झाला. नाळ तुटल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळाने त्याचा सोबती डेव्ह युआसा याने त्याला उचलून लोखंडी खोलीत आणले. तिथल्या डंकन ऑलकॉकने तोंडाने श्वास दिला आणि तो जगला! थंडीने आणि अंगात आधी भिनलेल्या भरपूर प्राणवायूने त्याला तारले असावे, असे मानतात.

असे नशीब प्रत्येकाचे नसते. म्हणून आता सोडलेला श्वास सोडा-लाइम या चुन्याच्या प्रकारातून गाळून, त्यात प्राणवायू घालून पुन्हा वापरणारी राखीव उपकरणे निघाली आहेत. साध्या बाटलीपेक्षा ती पुष्कळ जास्त वेळ साथ देतात.

आता आपल्या विहिरीकडे या. जुन्या बंद विहिरीत किंवा गोबरगॅसच्या टाकीत विषारी वायू साचतो, प्राणवायू कमी पडतो. नाकाला फडके बांधून उपयोग नाही. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून तर मुळीच उतरू नका. तिच्या हवेत तेलाची वाफ आणि इंजिनाचा धूर मिसळू शकतो. आत कोणी पडला तर मागोमाग उडी घेऊ नका, नाहीतर घरातले दोघे जातील. ११२ ला फोन करा आणि श्वासाचे योग्य सामान असलेल्या माणसांनाच खाली उतरू द्या.