वार्धक्यातील बुद्धी : व्यवसाय आणि मनःस्थिती

‘म्हातारचळ’ या एकाच शब्दात वार्धक्यातील विस्मृतीची सर्व रूपे बसविणे अशास्त्रीय होय. अमडापूरसारख्या (जि. बुलढाणा) शेतीप्रधान गावात शाळेची पायरी न चढलेल्या वृद्धानेही पेरणीचा अदमास व बाजाराचा हिशेब जन्मभर सांभाळलेला असतो. बुद्धीला सतत राबविणाऱ्या अशा व्यवसायाने ऱ्हासाला तोंड देण्याची शक्ती संचित होते, असे अभ्यासक मानतात. परंतु काम सुटल्यावर जडणारी खिन्नता अवधान क्षीण करते आणि विस्मृतीचा आभास निर्माण होतो. प्रसंगी ती स्मृतिभ्रंशाचे पूर्वचिन्हही असते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०१७-१८ च्या वार्धक्यविषयक पाहणीत शब्दस्मरणाबरोबर व्यवसाय व खिन्नता यांचीही नोंद झाली, ती याच दृष्टीने महत्त्वाची. खिन्नता उपचारसाध्य असल्यामुळे निदानापूर्वी तिची चौकशी अगत्याची ठरते.