अंकाची योग्यता त्याच्या स्थानावरून

"सत्तावीस लिही" असे सांगताच लहान मूल पाटीवर ७२ लिहिते आणि घरातील वडील मंडळी त्यास "लक्ष कोठे आहे?" म्हणून रागे भरतात. हा प्रसंग आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. आमच्या मते यात मुलाचा दोष थोडा. त्याने जसे ऐकले तसेच ते लिहिते. 'सत्तावीस' या शब्दात सात अगोदर येतात व वीस मागून. लिहिताना मात्र २ अगोदर व ७ मागून. 'एकोणतीस' याहून कठीण, कारण त्या नावात २ व ९ यांपैकी एकही अंक ऐकू येत नाही. तिसांस एक उणे, एवढेच ते सांगते.

यावर उपाय म्हणजे स्थानाचे ज्ञान. आपल्या नागपुरात संत्र्यांस तोटा नाही, तेव्हा त्यांचेच उदाहरण घेऊ. दहा संत्र्यांचा एक ढीग व दहा ढिगांची एक टोपली असे ठरवा. दोन ढीग व सात सुटी संत्री म्हणजे २७. सात ढीग व दोन सुटी म्हणजे ७२. अंक तेच, केवळ जागा बदलली. पण फरक पंचेचाळीस संत्र्यांचा पडला! आता दोन टोपल्या आहेत, ढीग एकही नाही व सात संत्री सुटी आहेत. ही संख्या २०७. येथे शून्य ढिगांची रिकामी जागा राखून बसले आहे. ते गाळले, तर दोनशे सातांचे सत्तावीस होतील.

ही युक्ती मनुष्यास सहज सुचलेली नाही. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात यज्ञात दिलेल्या १,७०० गाईंचा उल्लेख आहे. पण तो आकडा आपल्या रीतीने लिहिलेला नाही. हजारास एक निराळी खूण, आणि शंभराच्या खुणेस साताची खूण जोडून सातशे. स्थानास तेथे किंमत नव्हती, म्हणून शून्याचीही गरज नव्हती. पुढे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली. नऊ अंक व एक शून्य एवढ्यांवर ती सर्व स्थाने भरता येतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' अशीही वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. मुलांस सोपे जावे हा त्यामागील हेतू असल्याचे गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी सांगितले होते. जुनी नावे भाषेचे धन आहेत. ती राहावीत असेच आम्हांस वाटते. तथापि, मुलाची अडचण खरी आहे, हे त्या वादाने सर्वांच्या ध्यानी आणून दिले.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, मुलाने ७२ लिहिल्यास रागावण्यापूर्वी त्याच्यापुढे चिंचोके किंवा काड्या ठेवाव्यात आणि "यात दहाचे गट किती व सुटे किती?" एवढेच विचारावे. आणि विद्यार्थिमित्रहो, अंक लिहिण्यापूर्वी तुम्हीही हाच प्रश्न स्वतःस विचारा. उत्तर सापडले, की हात आपोआप योग्य जागी जाईल.